पाकिटावरचं हिरवं पान : धुण्याची पावडर बनवणाऱ्या बचत गटांना खुलं पत्र

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांत धुण्याची पावडर, लिक्विड आणि फिनाईल बनवणाऱ्या महिला बचत गटांच्या सर्व भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पाकिटांवर हल्ली एक हिरवं पान असतं. पानाखाली कुठं 'शंभर टक्के बायोडिग्रेडेबल' असतं, कुठं 'नदीला सुरक्षित'. एका पाकिटावर तर कृष्णेचा घाटच छापलेला पाहिला. प्रदर्शनात एका ताईंना विचारलं, हे कशाच्या आधारावर लिहिलंत? त्या म्हणाल्या, "मॅडम, ते छापलं की गिऱ्हाईक लगेच उचलतंय बघा. छपाईवाल्याकडं डिझाईन तयारच असतंय." उत्तर सरळ होतं, त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. पण तेच पान मग दुसऱ्या स्टॉलवर दिसलं, तिसऱ्यावर दिसलं, म्हणून सगळ्यांना मिळून लिहायला बसले.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. ते पान काढा. त्या जागी पावडर किती घ्यायची आणि धुण्याचं पाणी कुठं सोडायचं, हे दोन ओळींत छापा. तुमच्या मालात खोट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पावडर कुजते की नाही हे ठरतं ते निम्मं तिच्या रेणूवर आणि निम्मं ते पाणी कुठं जाऊन पडतं त्यावर. पाकिटावर फक्त पहिली निम्मी गोष्ट येते.

मालापासूनच सुरुवात करू, कारण तिथं तुमचा हात बसलेला आहे. ताडपत्रीवर धुण्याचा सोडा चाळून घेता, मधोमध आळं करता, आणि कॅनमधली ॲसिड स्लरी बारीक धारेनं सोडता. काकवीसारखी दाट, तपकिरी स्लरी सोड्याला लागली की फसफसते, ढीग गरम होतो, नाकाला झोंबतं. ती फसफस कार्बन डायऑक्साईडची. ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारतात आणि तपकिरी ढिगाचा रंग बदामी होत जातो. (हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करायचं. स्लरी डोळ्यात उडालेली बाई मी पाहिली आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.) त्या फसफशीतून जे तयार होतं तेच मळ काढणारं द्रव्य. त्याचं पूर्ण नाव सोडियम लिनियर अल्काईल बेंझिन सल्फोनेट, आपण इथं 'लास' म्हणू. त्याच्या रेणूला एक लांब शेपटी असते, ती तेलकट मळात घुसते. दुसऱ्या टोकाचं डोकं पाण्याला धरून राहतं. मळ सुटतो तो या ओढाताणीत.

यातला 'लिनियर', म्हणजे सरळ, हा शब्द फार मोलाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपात जी पहिली डिटर्जंट खपली, त्यांच्या रेणूची शेपटी सरळ नव्हती, तिला फांद्या होत्या. मळ ती छान काढत. पण १९५० च्या दशकात तिकडच्या नद्यांवर आणि सांडपाण्याच्या हौदांवर फेसाचे ढीग साचायला लागले. काही गावांत विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या ग्लासावर फेस यायला लागला. कारण असं की जीवाणू ही शेपटी टोकाकडून खातात. आधी टोकाच्या कार्बनला ऑक्सिजन जोडतात आणि मग दोन-दोन कार्बन तोडत पुढं सरकतात. वाटेत फांदी आली की तोडणं अडतं. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून तो लागू झाला. अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९६५ पर्यंत फांदीवाला माल सोडून सरळ शेपटीचा धरला. तुमच्या कॅनमध्ये येते ती या बदलानंतरची स्लरी. विकत घेताना फक्त एवढंच करा : पावतीवर 'लिनियर' किंवा 'एलएबीएसए' (याच सरळ शेपटीच्या ॲसिड स्लरीचं लघुरूप) लिहिलेलं आहे का बघा, आणि नसेल तर विचारा. भाव संशय यावा इतका पडलेला असेल तर जरूर विचारा.

तर माल चांगला आहे. प्रयोगशाळेतही तो पास होतो. पण पास होणं म्हणजे काय, हे जरा बारकाईनं बघा. आंतरराष्ट्रीय चाचणी २८ दिवसांची असते. बाटलीत थोडं द्रव्य, थोडे जीवाणू, आणि हवा पुरेपूर. ठरलेल्या मुदतीत द्रव्याचा ६० टक्क्यांहून जास्त भाग जळून कार्बन डायऑक्साईड झाला, तर त्याला सहज कुजणारं म्हणायचं. युरोपनं २००४ साली डिटर्जंटच्या मळ काढणाऱ्या द्रव्यांसाठी हीच कसोटी नियमात घातली. त्याआधी सोपी कसोटी होती. रेणूला एक चावा बसला, फेस होणं थांबलं, की पास. आता शेवटपर्यंत कुजलं पाहिजे. 'लास'चंही असंच टप्प्याटप्प्यानं होतं. आधी शेपटी आखडते आणि फेस जातो. मागं उरलेलं सहा कार्बनांचं कडं नंतर फुटतं, आणि गंधकाचा भाग सल्फेट होऊन पाण्यात मिसळतो. म्हणून नाल्यावरचा फेस विरला की सगळं संपलं असं धरू नये.

आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीला ऑक्सिजन लागतो. सगळी मेख इथंच आहे.

एक हिशेब मांडते, वहीत घ्या. एक ग्रॅम 'लास' पूर्ण जळायला सुमारे २.३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात, पाणी ३० अंशांच्या आसपास असताना, एका लिटरमध्ये फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एका ग्रॅमसाठी तीनशे लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन. मूठभर पावडर ५० ग्रॅम धरा, तिच्यात 'लास' शेकडा १५ धरा : साडेसात ग्रॅम. एका बादली धुण्यामागं हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल इतक्या पाण्याचा ऑक्सिजन खर्ची पडला. प्रत्यक्षात इतकं नेमकं होत नाही हे खरं. थोडा भाग जीवाणूंच्या अंगी लागतो, आणि वाहत्या पाण्यात वरून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो. मळाचा, घामाचा, कपड्याच्या तेलाचा वाटा मात्र यात धरलेलाच नाही.

आता हे आपल्या नदीला लावून बघा. पावसाळ्यात कृष्णा तुडुंब असते, तेव्हा आपण टाकलेलं कुठल्या कुठं जातं. २०१९ चा पूर ओसरल्यावर गावंच्या गावं एकदम धुणं धुवत होती आणि नदीला त्याचं काही वाटलं नसेल. खरा प्रश्न चैत्र-वैशाखातला. बंधाऱ्यांमागं पाणी साचून राहतं, कोयनेतून विसर्ग सुटला तर नदी हलते. उकाड्यानं जीवाणू जोरात असतात आणि त्याच उकाड्यानं पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यात शहराचं सांडपाणी येऊन मिळतं. शेरीनाला सांगलीकरांना मी काय सांगायचा. हवा असलेल्या वाहत्या पाण्यात 'लास' काही तासांत, फार तर काही दिवसांत निम्म्यावर येतो. हवा खेळवणाऱ्या सांडपाणी प्रकल्पात तर ९५ टक्क्यांहून जास्त निघून जातो, तेही काही तासांत. पण काळ्या, कुबट, बुडबुडे सोडणाऱ्या नाल्यात तो तसाच पडून राहतो. लिटरमागं काही मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणातही तो माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो, आणि अंडी-पिल्लांना जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अशा द्रव्यांची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. नदीकाठी खालच्या अंगाला पिण्याचं पाणी उपसायच्या विहिरी, म्हणजे जॅकवेल, असतात हे आठवलं म्हणजे हा आकडा कशासाठी ते कळतं.

तुमचं बहुतेक गिऱ्हाईक मात्र खेड्यातलं आहे. त्यांच्या मोरीचं पाणी नदीला जातच नाही. ते जातं गटारीला, शोषखड्ड्याला, परसात, आणि काही घरांत सगळं एकत्र शौचालयाच्या टाकीत. टाकीचं सर्वांत वाईट. तिथं हवा नसते, त्यामुळे 'लास' कुजत नाही, गाळाला चिकटून बसतो. परदेशातल्या प्रकल्पांतल्या बंद टाक्यांच्या गाळातही तो किलोला काही ग्रॅम इतका सापडलेला आहे. असा गाळ रानात पसरला आणि त्याला हवा लागली, की मातीतले जीवाणू काही दिवसांत ते काही आठवड्यांत त्याला उरकतात. द्रव्य तेच, जीवाणूही जवळपास तेच, फरक फक्त हवेचा. त्यात आपलंच फिनाईल रोज त्याच टाकीत ओतलं जातं. फिनाईल जंतू मारायला बनवतात, ते कुजवणारे जंतू ओळखून सोडत नाही.

शोषखड्ड्याचं मधलं प्रकरण आहे. मुरमाड जागेत, उथळ खणलेला, मधूनमधून वाळू दिलेला खड्डा उत्तम काम करतो, कारण मातीच्या वरच्या दोन-तीन फुटांत हवा असते. नदीकाठच्या काळ्या चिकण जमिनीत खोल खड्डा खणला तर तो बारा महिने ओला राहतो आणि टाकीच्याच वळणावर जातो. विहीर-बोअर जवळ असेल तर आणखी एक काळजी.

इथून पुढं जे लिहिणार आहे ते पाकिटावर कुणीच लिहीत नाही. दहा किलोच्या घाण्यात तुम्ही स्लरी किती घालता? मी ज्या कृती पाहिल्या त्यांत दीड-दोन किलो. बाकीचं सोडा, मीठ, डोलोमाईट (दगडाची भुकटी) किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). म्हणजे 'शंभर टक्के बायोडिग्रेडेबल' हे पाकिटातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याबद्दलचं बोलणं झालं. सोडा आणि मीठ कुजत नाहीत. कुजणार कसे, ते आधीच साधे क्षार आहेत. त्यांतलं सोडियम जिथं पाणी जाईल तिथं साचतं.

वाळवा, मिरज, पलूस या बाजूला क्षारपड जमीन काय असते हे मी कुणाला शिकवायला नको. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, माती चोपण होते, पाणी मुरत नाही. नवरा उसाच्या पट्टीत जिप्सम टाकतो ते याच सोडियमला हुसकायला, जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं. आणि त्याच घराच्या मोरीतून रोज सोडा-मिठाचं पाणी परसातल्या केळीला. शोषखड्डे तुंबतात त्यालाही हे एक कारण आहे, नुसती केसं आणि साबणाचा चिकटा नव्हे. त्यामुळं घाण्यातलं मीठ कमी करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीठ मळ काढत नाही. ते वजन भरतं आणि पावडर मोकळी ठेवतं. पाव किलोचं पाकीट छोटं झालं तरी चालेल, त्यात धुणं तेवढंच होतं हे सांगायची हिंमत पाहिजे. सोड्याचं तसं नाही, त्याचं काम आहे. पाणी जड असेल तर सोडा त्यातलं कॅल्शियम खाली बसवतो, नाहीतर ते कॅल्शियम 'लास'लाच धरून बसतं आणि मळ राहतो तसाच.

जड पाण्यावरून आठवलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तिथं साबण काय फेसाळणार. तिथल्या बाया मूठ वाढवतात. दोन मुठी, तीन मुठी. पावडर वाढवण्याऐवजी आधी बादलीत चमचाभर सोडा विरघळवून पाच मिनिटं थांबायचं, मग नेहमीची पावडर टाकायची, एवढं पाकिटावर लिहिलं तरी स्लरीचा खप कमी होईल. हो, तुमचा धंदा थोडा कमी होईल, हे मला दिसतंय. पण तुमच्या पाकिटानं पैसे वाचवले हे एकदा बाईला कळलं की ती दुसरीकडं जात नाही.

फेसाचं मात्र तुम्ही मला हटकून ऐकवाल. "फेस न्हाई आला तर बायका पाकीट परत आणून देत्यात." खरं आहे. फेस आणि सफाई यांचा संबंध फार पातळ आहे. पुढून उघडणाऱ्या मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात आणि कपडे स्वच्छ निघतात. फेस वाढवायला म्हणून जास्तीचं एसएलईएस (सोडियम लॉरिल ईथर सल्फेट) घालणं थांबवा. ते कुजायला 'लास'पेक्षा सोपं आहे, हवा नसतानाही बरंचसं कुजतं, तरी जास्त पाण्यात विसळावं लागतं आणि दुष्काळी गावात ते पाणी कुठून आणायचं?

लिक्विड बनवणाऱ्या गटांशी जरा कडक बोलणार आहे. बाजारात 'एनपी ९.५' नावाचं द्रव्य मिळतं. स्वस्त असतं, तेल-ग्रीस झकास काढतं, यंत्रमागाच्या कापडाला वापरतात, आणि तिथूनच ते धुण्याच्या आणि फरशीच्या लिक्विडमध्ये शिरलं. हे नॉनिल फेनॉलपासून बनतं. जीवाणू त्याची पाण्याला धरणारी बाजू कुरतडतात, फेस जातो, आणि खाली उरतं ते नॉनिल फेनॉल. ते मूळ द्रव्यापेक्षा जास्त विषारी, जास्त टिकाऊ, गाळात साचणारं, आणि माशांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागणारं. युरोपनं २००३ मध्ये त्याच्यावर निर्बंध घातले आणि जानेवारी २००५ पासून धुण्याच्या मालात ०.१ टक्क्याच्या वर ते चालत नाही. तुमच्या कृतीच्या कागदावर 'एनपी' दिसलं तर ते खोडा. त्याच्या जागी फॅटी अल्कोहोलपासून बनलेलं द्रव्य मिळतं, थोडं महाग पडेल.

कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, रिठा आणि शिकेकाई वापरा. वापरा की, मला आवडतात, लोकरीला आणि रेशमाला तर रिठ्यासारखं काही नाही. पण रिठ्यातलं सॅपोनिनही मळ काढणारंच द्रव्य आहे आणि ते माशांना विषारी आहे. अशाच सॅपोनिनवाल्या वनस्पती कुटून डोहात टाकून मासे गुंगवायची रीत जुनी आहे. घाटावर रिठ्याचं पाणी ओतलं म्हणून नदीचं भलं होत नाही. साबणाच्या वडीचंही तेच. साबण हवेशिवायही कुजतो, हा त्याचा मोठा गुण. पण जड पाण्यात तो दह्यासारखा फाटतो आणि निम्मा वाया जातो.

आणि कायद्याची एक गोष्ट, घाबरवायला नव्हे, माहिती असावी म्हणून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावानं केलेल्या फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणपूरक', 'हरित' असं मोघम लिहायचं असेल तर त्याला पुरावा आणि खुलासा जोडायला हवा. खऱ्या अर्थानं शिक्का हवा असेल तर इकोमार्क आहे. ही योजना १९९१ ची, साबण-डिटर्जंट तिच्यात सुरुवातीपासून आहेत, आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. लहान गटाला चाचणीचा खर्च जड जाईल. तालुक्यातल्या आठ-दहा गटांनी एकच कृती ठरवून एकत्र चाचणी करून घेतली तर परवडण्यासारखं होईल, आणि हे उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, बैठकीत तुम्हीच मांडायला हवं.

पानाच्या जागी काय छापायचं, त्याचा मजकूर मी असा सुचवते :

"मळ काढणारे द्रव्य शेकडा १५, सरळ साखळीचे. बाकी सोडा आणि भराव. दहा लिटरच्या बादलीला सपाट दोन चमचे पुरे. पाणी जड असल्यास आधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. धुण्याचे पाणी विहिरीत, ओढ्यात, नदीत किंवा शौचालयाच्या टाकीत सोडू नका. परसात दररोज जागा बदलून, उथळ चरात सोडा. नाजूक रोपांना घालू नका."

आकडे तुमच्या घाण्याप्रमाणे बदलतील. चमचा कुठला, हे ठरवून तोच चमचा मोठ्या पाकिटात टाकता आला तर फारच बरं, कारण मूठ प्रत्येकीची वेगळी.

छपाईचा सिलिंडर बदलायला पैसे लागतात हे मी जाणते. शिल्लक पाकिटं फेकू नका, पानावर स्टिकर लावून खपवा. आणि दुष्काळी पट्ट्यातल्या गटांनी आपल्या बोअरच्या पाण्याची एक लिटरची बाटली तालुक्याच्या पुढच्या बैठकीला घेऊन यावी. त्या पाण्याला किती सोडा लागतो ते मी तुमच्यासमोर काढून देईन, त्याचे पैसे नाहीत. बाटली आधी त्याच बोअरच्या पाण्यानं तीनदा विसळून घ्या, आणि साबण लावून धुऊ नका.

आपली,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
सांगली